गोळ्यांचा डबा आणा

आमच्या कोपरखैरण्याच्या घरमालकांना हॉटेलात जेवायला नेणं म्हणजे वेटरची तोंडी परीक्षा. बाकीची माणसं थाळीत काय काय आहे ते विचारतात. काका विचारायचे, थाळीत काय नाही? वेटर बिचारा आत जाऊन मॅनेजरला घेऊन यायचा. मग काका दोघांनाही शांतपणे समजावायचे की ताक, पापड आणि दुसऱ्यांदा मागितलेली भाजी, यातल्या कशाचे पैसे वेगळे पडतात ते आधी सांगा, म्हणजे बिल आल्यावर तुमचं-आमचं तोंड वाकडं व्हायला नको. काकू शेजारी बसून खाली मान घालून हसायच्या आणि फारच झालं की म्हणायच्या, "अवो, त्याला पानी तरी आनू द्या."

मी त्यांच्याकडे वरच्या मजल्यावर भाड्याने राहिले. तुर्भ्याला मसाल्याच्या कारखान्यात माझी नोकरी, लॅबमध्ये. दिवसभर मिरची-हळदीचे नमुने तपासून संध्याकाळी मी जिना चढायला लागले की काका ओट्यावरून एक शिंक द्यायचे आणि म्हणायचे, आज मिरची. शिंक आली नाही तर म्हणायचे, आज हळद. त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे, आणि चुकला तरी ते कबूल करत नसत.

घर बघायला गेले त्या दिवशी त्यांनी मला भाडेकरार शेवटच्या पानापासून वाचायला लावला. नंतर कागद उलटा ठेवून म्हणाले, आता यात तुला काय मिळणार नाही ते तुझ्या शब्दांत सांग. मला रागच आला. ही काय शाळा आहे का, असं मनात म्हणत मी सांगितलं: गच्ची मिळणार नाही, गाडी लावायला जागा मिळणार नाही, पाणी दुपारी मिळणार नाही, भिंतीला खिळा ठोकता येणार नाही. काका खूश. मी मनातल्या मनात दुसरं घर शोधायला लागले होते. पण एक सांगते, तिथे असेपर्यंत आमच्यात एकदाही वाद झाला नाही. माझ्या मैत्रिणींची घरमालकांशी पाण्यावरून आणि खिळ्यांवरून जी भांडणं चालायची ती ऐकताना मला आमच्या काकांचा उगाच अभिमान वाटायचा.

काका एका विमा कंपनीतून निवृत्त झालेले. परदेशी गेलेल्या माणसांचं तिथे काही बिनसलं, हॉस्पिटल झालं, सामान हरवलं, की त्यांनी केलेले दावे तपासायचं त्यांचं काम. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी त्याच टेबलावर काढली आणि 'नामंजूर' हा शेरा इतक्यांदा लिहिला की गल्लीत त्यांचं नाव नामंजूर काका पडलं. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं. निवृत्तीनंतर ते प्रवासाला निघालेल्या कुणाचीही पॉलिसी फुकट वाचून द्यायचे. कुणी विचारलं की हा उद्योग कशाला, तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "आयुष्यभर मी नाही म्हणायचा पगार घेतला. तेच नाही आता आधी सांगतो, आणि फुकट सांगतो."

त्यांच्या लग्नाची गोष्टही त्यांच्यासारखीच. ते मूळचे सांगलीकडचे. नोकरीला लागल्यावर खाडीकाठच्या गावात काकूंच्या वडिलांकडे खोली घेऊन राहिले आणि शेवटी मालकाच्या मुलीशीच लग्न केलं. काकू सांगायच्या, "मला मागनी घातली तवा पयलं काय सांगितलं असंल? म्हनं मला पोवता येत नाय, मासे साफ करता येत नाय, नाचता येत नाय. मी म्हटलं, मंग येतं काय ते तरी सांगा." काका त्यावर पेपर वर धरायचे. पेपरही अर्थात शेवटच्या पानापासून.

रविवारी सकाळी नाश्त्यानंतर त्यांच्या हॉलमध्ये वाचन असायचं. गल्लीतली माणसं यायची, काकूंच्या गावची यायची. कुणाचा मुलगा आईवडिलांना सिंगापूर दाखवणार असायचा, कुणी लेकीकडे निघालेली असायची. खिडकीजवळ एक लाकडी खुर्ची होती, तिच्यावर प्रवासाला जाणारं माणूस बसायचं. समोर काका. वाचनाचे नियम होते आणि ते कुणासाठीही बदलत नसत. सुरुवात शेवटच्या पानापासून, कारण कंपनी जे देणार नाही ते तिथे लिहिलेलं असतं. जाणारं माणूस बोलणार, पैसे भरणारं गप्प बसणार. आणि पॉलिसीचं पहिलं अक्षर वाचण्याआधी काका म्हणणार, गोळ्यांचा डबा आणा.

या डब्यामागे त्यांचा सगळा अनुभव होता. पॉलिसी घेताना कंपनी विचारते, तुम्हाला काही आजार आहे का? आपली माणसं छातीवर हात ठेवून सांगतात, नाही. ती खोटं बोलत नसतात हो. बीपी आहे, पण गोळी चालू आहे, म्हणजे बीपी नॉर्मल आहे, म्हणजे बीपी नाही. साखरेचंही तेच. ज्याला गोळी चालू आहे तो आजार आजारात धरायचाच नाही, हा आपल्याकडचा हिशेब. कंपनीचा हिशेब बरोबर उलटा असतो. गोळी चालू आहे म्हणजेच आजार आहे. म्हणून काका आजार विचारतच नसत. विचारायचे, सकाळी चहाआधी काय घेता? आणि मग डबा मागायचे. त्या डब्यांतून काय काय निघायचं. एका आजोबांच्या डब्यातून त्यांच्या सुनेला ठाऊक नसलेला दमा निघाला होता.

काकूंच्या भावजयीचं दुबईचं प्रकरण मात्र डब्यावर नाही, सोन्यावर अडलं. भावाकडची सगळी मंडळी दुबईला निघाली होती. भावजय खुर्चीवर बसल्या त्या लग्नाला निघाल्यासारख्या. गळ्यात हार, हातभर बांगड्या. काकांनी सांगितलं की बॅग हरवली तर कंपनी भरून देईल, पण दागिने गेले तर देणार नाही, तसं इथे स्पष्ट लिहिलंय. भावजयींनी विचारलं, अंगावरून गेले तर? अंगावरून गेले तरी नाही. त्या उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की सोन्याबिगर दुबईला जाऊन लोकांनी आमाला काय कामवाली समजायची काय? घरात आठवडाभर रुसवाफुगवा चालला. शेवटी काकूंनीच तोड काढली. त्या भावजयीला घेऊन वाशीला गेल्या आणि एक ग्रॅम सोन्याचा अख्खा साज घेऊन आल्या. खरं सोनं बँकेत राहिलं, भावजय मुलामा घालून दुबई फिरून आल्या, आणि येऊन सांगत होत्या की तिथल्या एका बाईने हार कुठे केला म्हणून विचारलं.

त्या मंडळींनी काकूंनाही चला म्हटलं होतं. काकूंची फार इच्छा होती. पण काकांनी पासपोर्टच काढला नव्हता. विषय निघाला की ते म्हणायचे, बाजारात अजून बरी पॉलिसी आलेली नाही. जगाच्या पॉलिसी वाचून देणारा हा माणूस स्वतः विमानात कधी बसला नव्हता. मी एकदा चिडवलं की काका, तुम्ही म्हणजे दुसऱ्यांची लग्नं जुळवणारे ब्रह्मचारी. काका हसले. काकू हसल्या नाहीत, उठून भात बघायला आत गेल्या.

आता माझ्या आईची गोष्ट. माझी धाकटी बहीण कॅनडात असते. लग्नानंतर कितीतरी वर्षं डॉक्टर, औषधं, नवस सगळं झालं आणि अखेर तिला दिवस गेले. तिथे तिचं कुणी नाही. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. बाळंतपणाला आईने जायचं हे पहिल्या फोनलाच ठरलं. आई सातारा जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात एकटी राहायची. कोरेगाव या तालुक्याच्या गावापलीकडे कधी फारशी गेली नव्हती, पण कॅनडा म्हटल्यावर तिने डिंक, अळीव आणि खारका आणून ठेवल्या, जणू शेजारच्या गल्लीत जायचंय. ती माझ्याकडे राहायला आली. मी ऑनलाइन तिकीट काढलं, आणि तिकिटाच्या खाली विम्याचा एक चौकोन असतो, त्यावर टिक केलं.

हे मी काकांना फुशारकीने सांगितलं. त्यांनी विचारलं, बरं, काय काय नाही त्यात? मला सांगता येईना. मसाल्याच्या पाकिटावरचं बारीक अक्षर तपासायचा मी पगार घेते, आणि इथे मी वाचलंच नव्हतं. काका फक्त म्हणाले, रविवारी आईला घेऊन ये.

आई खुर्चीवर अंग चोरून बसली. मी पैसे भरणारी, म्हणून भिंतीला टेकून गप्प. काकांनी विचारलं, "सकाळी चहाआधी काय घेता ताई?"

"पानी," आई म्हणाली.

"आणि पाण्याबरोबर?"

"गोळी. बीपीची. पर बीपी न्हाई मला. गोळी चालू हाय की."

हॉलमध्ये खसखस पिकली, कारण हे उत्तर तिथे सगळ्यांनी कधी ना कधी दिलेलं होतं. आईने पेढ्यांचा जुना डबा उघडून पुढे केला. बीपीची पट्टी, कॅल्शियम, पित्ताच्या गोळ्या. आणि तळाशी कात्रीने कापलेला पट्टीचा एक तुकडा. नाव कापून गेलेलं. काकांनी तो उजेडात धरून बघितला आणि विचारलं, ही कसली? आई म्हणाली, ती अशीच, कदीमदी. काकांनी तो तुकडा परत डब्यात ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं की आजचं वाचन झालं. माणसं उठून गेली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, तू काकूंबरोबर चहा टाक.

मी स्वयंपाकघरात गेले, पण कान बाहेरच होते. काकूंनी मुद्दाम गॅस पेटवला नाही. आई खालच्या आवाजात सांगत होती. थंडीत ती गोठ्यात चक्कर येऊन पडली होती. शेजारणीने पाणी मारून उठवलं. तालुक्याच्या डॉक्टरने छातीचा कागद काढला, ठोके मधेच मंद पडतायत म्हणाला, थोड्या गोळ्या दिल्या आणि साताऱ्याला मोठ्या डॉक्टरकडे जा म्हणून बजावलं. ती गेली नाही. त्याच आठवड्यात धाकटीचा फोन आला होता, गोड बातमीचा.

"मी बोलले आस्ते तर दोघींनी मला घरात बसिवलं आस्तं," आई म्हणाली. "आन् तितं तिच्यापाशी कोन हाय? काय व्हायचं ते हू दे, पर लेकीच्या बाळंतपणात मी पायजे."

मी बाहेर आले आणि सांगून टाकलं की आई कुठेही जाणार नाही. भीती तेवढीच, राग तेवढाच. काकांनी मान वर केली आणि आवाज न चढवता म्हणाले, "पैसे भरणारं गप्प." मग आईकडे वळले. "ताई, तुम्ही जाणार. पण हे लपवून नाही, कागदावर घेऊन जाणार."

त्या दुपारी त्यांनी मला ओट्यावर बसवून एक जुनी फाइल सांगितली. निवृत्त शाळामास्तर मुलाकडे परदेशी गेले होते. पॉलिसी मुलाने घेतली होती. आजाराच्या रकान्यात मुलाने 'नाही' लिहिलं होतं, कारण मास्तरांनी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. मास्तर तिथेच हॉस्पिटलात वारले. तिथल्या डॉक्टरांना खिशात गोळ्या सापडल्या. दावा काकांच्या टेबलावर आला. मुलगा येऊन समोर बसला आणि म्हणाला, साहेब, मला खरंच माहीत नव्हतं. काकांना ते पटलं होतं. तरी त्यांनी नामंजूर लिहिलं, कारण नियम तोच होता.

"मी बरोबर होतो," काका म्हणाले. "आजही तेच लिहीन. पण बरोबर असून जेवण गेलं नाही, असं तेवढं एकदाच झालं."

त्यानंतरचे आठवडे म्हणजे धावपळ. वाशीच्या हॉस्पिटलात आईच्या तपासण्या झाल्या. काका-काकू दोघंही बरोबर आले, काकू डब्यात तांदळाच्या भाकऱ्या घेऊन. आधीची एक गोळी बंद झाली, दुसरी सुरू झाली. डॉक्टरांनी थोडं थांबून परत तपासलं आणि जायला हरकत नाही असं लिहून दिलं. तिकीट पुढे गेलं. मी टिक केलेली पॉलिसी रद्द झाली, कारण तिच्यात आधीपासूनच्या आजाराला काहीच नव्हतं. आईचा आजार स्पष्ट सांगून आम्ही नव्या पॉलिसीसाठी विचारलं तेव्हा एका कंपनीने नाही म्हटलं. दुसरीनेही नाही म्हटलं. मला रडू फुटायचं बाकी होतं आणि काका मात्र खुशीत होते. म्हणाले, ही सज्जन माणसं आहेत, आधी नाही म्हणतात. तिसरीने जास्तीचा हप्ता घेऊन तो आजार लिहून घेतला आणि डॉक्टरांचं पत्र पॉलिसीच्या शेवटी जोडलं.

मग पुन्हा रविवार, पुन्हा ती खुर्ची. काकांनी सगळं वाचून झाल्यावर पॉलिसी उलटी ठेवली आणि आईला म्हणाले, सांगा. आई आता ताठ बसली होती. तिने जे सांगितलं ते मला तोंडपाठ आहे, आणि पुढे गल्लीत कितीतरी जणांना मी ते म्हणून दाखवलंय.

"दात दुखला तर कळ थांबवन्यापुरतं त्यांचं, दात बसिवनं आपलं. सोनं आपलं. बॅग सोडून कुटं हिंडायला गेलो तर बॅग आपली. इमान जरा उशिरा आलं तर गप बसायचं, लईच उशीर झाला तर त्यांच्याकडनं कागद घ्यायचा. दवाखान्यात जायच्या आदी फोन करायचा. बिलातलं पयलं थोडं आपलं, म्होरलं त्यांचं. आन् छातीचं दुखनं त्यांचं, कारन मी ते सांगितलंय."

काकूंनी टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, पास. एवढं कौतुक त्या खुर्चीला कधी मिळालं नव्हतं. फक्त एक गोष्ट आईने ऐकली नाही. धाकटीला आजाराचं सांगून ठेवा, असं काका परत परत म्हणत होते. आई म्हणाली, बाळंत होऊ दे, मग सांगीन, आणि मलाही गप्प राहायची शपथ घातली. काकांनी हात वर केले आणि म्हणाले, हे पॉलिसीच्या बाहेरचं आहे.

आई कॅनडाला गेली. धाकटीला मुलगी झाली. आईने तिला पहिल्यांदा हातात घेतलेला फोटो आला तेव्हा मी तो काकूंना दाखवायला धावत खाली गेले. काकूंनी बाळापेक्षा आईलाच जास्त वेळ बघितलं. म्हणाल्या, पोचली बाय.

महिना झाला असेल, आईने धाकटीला अजून सांगितलं नव्हतं. एका सकाळी मी पहिल्या शिफ्टला निघाले होते आणि धाकटीचा फोन आला. आई तिच्या स्वयंपाकघरात अळिवाची खीर ढवळताना कोसळली होती. आता ठीक होती. हॉस्पिटलात होती, छातीत ठोके नीट ठेवणारं यंत्र बसवायचं ठरलं होतं. धाकटी रडत रडत सांगत होती आणि मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. विमा कंपनीला तिने लगेच फोन लावला होता. तिकडच्या बाईने विचारलं, यांना आधीपासून हृदयाचा काही त्रास आहे का? आणि धाकटीने सांगून टाकलं, अजिबात नाही, फक्त बीपी आहे, पण त्याची गोळी चालू आहे.

ट्रॉलीवर पडलेल्या आईला इंग्रजी येत नाही. पण 'हार्ट' कळतं आणि 'नो' कळतं. तिने हात लांब करून धाकटीचा दंड धरला.

"न्हाई म्हनू नगंस," ती म्हणाली. "हाय. आदीपासनं हाय. त्यांच्याच कागदात लिवलंय. त्यांना म्हनावं, शेवटचं पान बघा."

तिकडच्या बाईने शेवटचं पान उघडलं. डॉक्टरांचं पत्र तिथे होतं. तिने उत्तर दुरुस्त करून घेतलं आणि सांगितलं की पुढचं हॉस्पिटलशी आम्ही बोलू. पुढे यंत्र बसलं. पहिला थोडा भाग बहिणीने भरला, बाकीचं कंपनीने, अगदी आईने सांगितलं होतं तसंच.

त्या सकाळी फोन ठेवल्या ठेवल्या मी खाली येऊन काकांना आईचं हे बोलणं सांगितलं. ते ओट्यावर पेपर घेऊन बसले होते. मधेच थांबवून म्हणाले, काय म्हणाली ते तिच्या शब्दांत सांग. मी सांगितलं. म्हणाले, परत सांग. मी परत सांगितलं. त्यांनी पेपराची घडी केली, चष्मा काढला आणि डोळे पुसले. मी म्हटलं, काका, मिरची का? ते म्हणाले, हो, तुझ्या कपड्यांना फार वास येतो. मी तेव्हा नुकतीच आंघोळ करून घरातून निघाले होते. त्या क्षणी मला माझ्या आईचा जेवढा अभिमान वाटला तेवढा आयुष्यात कशाचाच वाटला नव्हता, आणि त्यातला अर्धा वाटा या समोरच्या माणसाचा आहे हेही मला कळत होतं. मी तसं बोलूनही दाखवलं. काका म्हणाले, माझा काही नाही, उत्तर त्यांनी दिलं.

आई परत आली ती तब्येतीने सुधारून. येताना सगळ्यांसाठी काही ना काही आणलं. काकूंना शाल, आणि काकांना गोळ्यांचा डबा. प्लास्टिकचा, आठवड्याच्या वारांची वेगवेगळी झाकणं असलेला. रविवारी तो द्यायला आम्ही दोघी खाली गेलो. वाचनाला त्या दिवशी कुणी नव्हतं. काकांनी डबा घेतला, सवयीने उलटा करून तळाला काय लिहिलंय ते वाचलं आणि बाजूला ठेवला.

आई म्हणाली, "आता तुमच्या गोळ्या आना. मी भरून देते."

काका म्हणाले, मी कुठे चाललोय? मला कशाला? आई आपली हात पुढे करून बसलेली. काकू उठल्या. त्या औषधांच्या कपाटाकडे गेल्याच नाहीत. काकांचं दाढीचं सामान असतं तिथून त्यांनी चष्म्याचं एक जुनं घर आणलं आणि आईसमोर उघडलं. आत पट्ट्यांचे तुकडे होते. सगळ्यांची नावं कात्रीने नीट कापलेली.

"हितं ठेवतात," काकू म्हणाल्या. "मी इचारलं का सांगतात, ताकदीच्या गोल्या हायेत."

काका घाईने म्हणाले, "त्यात काय विशेष नाही. गोळी चालू आहे."

आणि थांबले. आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. आम्ही कुणी हसलो नाही. काकूंनी एवढंच विचारलं, "म्हनून नाय नेलंत व्हय मला दुबईला? पासपोर्टाचं, पालिसीचं, सगलं उगीच?"

इतकी वर्षं दुसऱ्यांचे डबे उघडणाऱ्या माणसाला आपला एक डबा उघडायचा नव्हता, आणि तो उघडावा लागू नये म्हणून तो कोपरखैरण्यातून हलला नव्हता. मला त्यांचा राग यायला हवा होता. नाही आला. कारण काका उठले, आपली नेहमीची जागा सोडली, आणि खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीवर जाऊन बसले. अंग चोरून, माझी आई बसली होती तसेच.

आई त्यांच्या जागेवर बसली. तिला कुणी सांगावं लागलं नाही. काका काकूंकडे न बघता म्हणाले, "तू जरा चहा टाक."

"नाय," काकू म्हणाल्या. "मी हितंच बसनार." आणि त्या खरंच त्यांच्या समोर, शाल मांडीवर घेऊन, बसल्या.

आईने घसा साफ केला. "सकाळी च्याच्या आदी काय घेता?"

"पाणी," काका म्हणाले.

"आन् पान्याबरुबर?"

काकांनी काकूंकडे बघितलं आणि पहिल्या गोळीचं नाव सांगितलं.